बसण्याची मजुरी

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच अकादमिक चित्रकलेतल्या बैठ्या नग्न पुरुषाचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. सौंदर्यवादी म्हणतात, तो कालातीत आदर्श मानव. काही सोवळे पुरोगामी म्हणतात, तो भांडवलदारांचा विलास. श्रमिकांना त्याच्याशी काय कर्तव्य? समोर बसलेला माणूस दोघांनाही दिसत नाही.

इपोलित फ्लांद्रँचे १८३६ सालचे चित्र घ्यावे. समुद्रकाठच्या खडकावर एक तरुण बसला आहे. गुडघे छातीशी ओढलेले, हातांचा विळखा पायांभोवती, मस्तक गुडघ्यांवर टेकलेले. सरकारी शिष्यवृत्तीवर रोमला राहणाऱ्या चित्रकाराने आपल्या प्रगतीचा दाखला म्हणून ते पॅरिसला धाडले. फ्लांद्रँ मूळचा लिआँचा. त्याच लिआँत एप्रिल १८३४ मध्ये रेशीम विणकरांनी उठाव केला आणि लुई-फिलिपच्या फौजेने तो रक्तात बुडविला. विणकरांच्या जिवंत देहांवर गोळ्या झाडणारी राजवटच आदर्श देहाच्या अभ्यासाचा खर्च सोसत होती! पुढे १८५७ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने ते चित्र विकत घेतले. आज ते लूव्रमध्ये आहे, आणि शीर्षकात त्या तरुणाची ओळख ‘अभ्यासाकृती’ एवढीच.

कपडे उतरवले, धंदा पुसला, नाव गाळले. आणि मग म्हणायचे, हा पाहा शुद्ध मानव! ही शुद्धता नव्हे, हा हिशेब बुडविणे आहे. पाठ वाकवून तासन्‌तास निश्चल बसणे ही मजुरीच होय. (शंका असेल त्याने अर्धा तास बसून पाहावे.) पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये विद्यार्थी आधी छापील चित्रे गिरवीत, मग प्लास्टरचे पुतळे, आणि त्यानंतर जिवंत मॉडेल. पुतळ्याची ओळख आधी, माणसाची मागून. साहजिकच माणसाचा देह पुतळ्याच्या मापाने दुरुस्त होई. स्त्रियांना तर १८९७ पर्यंत त्या संस्थेत प्रवेशच नव्हता.

जोसेफ या कृष्णवर्णीय मॉडेलचे निदान पहिले नाव तरी उरले. आज हैती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीतून तो फ्रान्सला आला, जेरिकोच्या ‘मेदुसाचा तराफा’ या १८१९ च्या चित्रासाठी उभा राहिला आणि पुढे एकोलमध्येच मॉडेलचे काम करू लागला. २०१९ मध्ये ओर्से संग्रहालयाने कृष्णवर्णीय मॉडेलांवर प्रदर्शन भरवून अशा नावांचा माग काढला. मग खडकावरच्या त्या तरुणाच्या चित्राखाली ‘मॉडेल: नाव अज्ञात’ एवढी एक ओळ लिहिण्यास लूव्रला कोणती अडचण आहे?