ज्या डोंगराने स्पेनला श्रीमंत केलं, तोच आज का खचतोय?

बोलिव्हियाला जाणारे बहुतेक पर्यटक उयुनीच्या मिठाच्या विस्तीर्ण मैदानात फोटो काढतात. पण या देशाची खरी कहाणी कळते ती पोटोसी शहरात!

सुमारे ४००० मीटर उंचीवरच्या या शहरामागे शंकूसारखा लालसर डोंगर दिसतो. त्याचं नाव सेर्रो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर.

१५४५ मध्ये इथे चांदी सापडली आणि स्पॅनिश साम्राज्याचं नशीब उघडलं. मजूर कमी पडू लागले, तेव्हा १५७० च्या दशकात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदोने इंका काळातली ‘मिता’ ही पद्धत वेठबिगारीसारखी राबवली. दूरदूरच्या गावांतल्या साधारण सातपैकी एका पुरुषाला दरवर्षी खाणकामासाठी जावं लागे. चांदी वेगळी करायला पारा वापरत. अपघात आणि विषबाधेने असंख्य माणसं मेली.

ही चांदी जगभर फिरली. स्पॅनिश अमेरिकेतली चांदी युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत सुरतेलाही येई आणि टांकसाळीत वितळवून तिचे मुघल रुपये पाडले जात.

आज पोटोसीची जुनी टांकसाळ संग्रहालय झाली आहे. पर्यटक हेल्मेट घालून खाणीतही उतरतात, कामगारांसाठी कोकाची पानं भेट नेतात. बोगद्यात ‘एल तिओ’ या खाणीच्या दैवताची मूर्ती असते. कामगार तिला सिगारेट आणि दारू वाहतात.

पण ही खाण म्हणजे संग्रहालय नाही. हजारो कामगार इथे अजूनही जस्त, शिसं, कथील आणि उरलीसुरली चांदी काढतात. दरड कोसळण्याची भीती असतेच, शिवाय धुळीमुळे सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार जडतो. म्हणूनच, दुसऱ्याचे कष्ट पाहायला तिकीट काढावं का, असा आक्षेप घेतला जातो. दुसरीकडे, वाटाड्यांमध्ये अनेक जण स्वतःच माजी खाणकामगार आहेत आणि पर्यटनाने त्यांना खाणीबाहेरचं काम दिलं आहे.

युनेस्कोने १९८७ मध्ये पोटोसीला जागतिक वारसा ठरवलं. मात्र अनिर्बंध खाणकामामुळे डोंगराचा माथा खचू लागला आणि २०१४ मध्ये हे शहर धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेलं.

खाणकाम थांबवावं तर हजारो घरांची चूल विझते. चालू ठेवावं तर डोंगर ढासळतो. २०२५ मध्ये बोलिव्हियाच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली. देशाच्या राजचिन्हावर हाच डोंगर आहे, पण त्याला वाचवताना कामगारांनी पोट कशावर भरायचं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.