काही करत नाही हो!

कुत्रा पाळणाऱ्या माणसाच्या तोंडी एक वाक्य कायमचे बसलेले असते. समोरचा माणूस दचकून दोन पावले मागे सरकला, की ते आपोआप बाहेर पडते : “काही करत नाही हो तो!” गेली सहा वर्षे मी हे वाक्य म्हणत आलो आहे. जिन्यात म्हटले आहे, बागेत म्हटले आहे, दूधवाल्याला आणि पोस्टमनला म्हटले आहे. एकदा तर कपड्यांचे गाठोडे टाकून पळालेल्या इस्त्रीवाल्याला, त्याच्या मागून धावत धावत म्हटले आहे. वाक्य खोटे नाही. आमचा मोत्या खरोखरच काही करत नाही. घराची राखणसुद्धा करत नाही, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे.

गेल्या भाऊबीजेला मात्र हे वाक्य माझ्या घशात अडकले. त्याची ही हकिगत.

आम्ही राहणारे नाशिकचे. धाकटी बहीण सायखेड्याला दिलेली. नाशिकहून निफाडच्या रस्त्याला लागायचे, चांदोरीला वळायचे आणि गोदावरीवरचा पूल ओलांडायचा, की आले सायखेडा. अंतर काही फार नाही. पण यंदा प्रश्न होता मोत्याचा. दिवाळीचे चार दिवस शहरातल्या कुत्र्याला कसे जातात, हे ज्याच्या घरी कुत्रा आहे त्यालाच ठाऊक. पहिला सुतळी बाँब वाजला की मोत्या पलंगाखाली शिरतो, तो तुळशीचे लग्न लागेपर्यंत बाहेर यायला तयार नसतो. त्याला एकटा घरात कोंडून भाऊबीज करायला जायचे कोणाच्याच जिवावर येईना. शेवटी दोन्ही मुलांच्या मधे बसून मोत्याही मामाच्या मानाने निघाला.

वाटेत चहासाठी थांबलो. हॉटेलचे मालक गल्ल्यावरूनच म्हणाले, “साहेब, कुत्रं बाहेर बांधा.” बांधले. आत जाऊन बाकावर बसतो तो काय, टेबलाखाली दोन गावठी कुत्री आरामात पसरलेली! माझ्या भज्याचा जो तुकडा खाली पडला, तो त्यातल्या एकाने माझ्या चपलेवरूनच उचलला.

“ही बरी चालतात?” मी विचारले.

“ही कुठं आत आलीत, साहेब? ही इथंच असतात,” मालक म्हणाले.

या तर्कशास्त्रापुढे मी गप्प बसलो. पण मनात लेख सुरू झाला. ज्याला पट्टा आहे, ज्याची लस टोचलेली आहे, ज्याला आठवड्याला आंघोळ आहे, तो बाहेर. आणि ज्याचे कोणीच नाही तो आत! पुढल्या दिवाळी अंकाला विषय मिळाला म्हणून मी खुशीत दुसरा चहा मागवला.

पुराव्यांची तर आपल्याकडे वाण नाही. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री आहेत. खंडोबाच्या चित्रात त्याचा कुत्रा हवाच. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून भर दरबारात त्याला जरीची झूल आणि डोक्याला पगडी मिळाली, पालखीचा मान मिळाला, असे सांगतात. आणि सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे धर्मराज. स्वर्गाच्या दारात इंद्र रथ घेऊन उभा आहे, कुत्र्याला आत जागा नाही म्हणतो आहे, आणि धर्मराज त्याला सोडून आत जायला नकार देतो आहे. जिथे स्वर्गाचे दार उघडले, तिथे चहाच्या हॉटेलाची काय कथा! लेख मनातल्या मनात जवळजवळ पुरा झाला होता.

संध्याकाळी बहिणीने ओवाळले आणि आम्ही सगळे नदीवर गेलो. बायका पाण्यात दिवे सोडायला आल्या होत्या. मी मोत्याला घेऊन पायऱ्या उतरत होतो. पट्टा हातात होता, पण सैल. मोत्या माझ्या चार पावले पुढे. समोरून सातएक वर्षांची एक मुलगी, हातात पणतीचे ताट धरून, आजीच्या मागोमाग वर येत होती. मोत्याने शेपटी हलवत नाक पुढे केले, एवढेच. मुलगी ओरडली नाही, रडली नाही, पळालीही नाही. जागच्या जागी थिजली. ताट हातातून निसटले, पायऱ्यांवर खणखणत खाली गेले. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“काही करत नाही हो तो!” मी सवयीने म्हणालो.

आजींनी आधी नातीला पाठीशी घेतले. मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, त्या म्हणाल्या, “तुम्हाला ठावं हाये भाऊ, का तो काय करीत नाय. या पोरीला कसं ठावं असंल?”

मी मुकाट्याने पट्टा आखडला. त्या ताट उचलायला खाली उतरल्या तेव्हा कळले ते असे : दोन वर्षांपूर्वी मुलगी शहरात मावशीकडे गेली होती. गल्लीत एक कुत्रा मोकळा फिरत होता. भटका नव्हे, पाळलेला. मालक दारातच उभा होता आणि तेच वाक्य म्हणत होता. मांडीला चावा, मग दंडात इंजेक्शने. जखम महिन्यात भरली. “मनातलं औषध कुठं मिळतं?” आजी म्हणाल्या.

त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. मनातला लेख पुन्हा वाचून पाहिला, तेव्हा धर्मराजाच्या गोष्टीत एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटलेली दिसली. धर्मराजाने इंद्राला ‘काही करत नाही हो तो’ असे सांगितले नाही. तो म्हणाला, हा माझ्या आसऱ्याला आला आहे, याला टाकून मला स्वर्ग नको. म्हणजे कुत्र्याला आत घ्यायची किंमत त्याने दुसऱ्याच्या माथी मारली नाही. स्वतः बाहेर राहायला तो तयार झाला. आम्ही कुत्रेवाले नेमके उलटे करतो. प्रेम आमचे, आणि भीती सोसायची ती समोरच्याने!

पण महाभारत दुसरी बाजूही सांगते, आणि ती आरंभीच. जनमेजयाचे सत्र चालू असताना सरमा कुत्रीचे पिल्लू तिथे आले आणि राजाच्या भावांनी त्याला बदडून काढले. पिल्लू रडत आईकडे गेले. सरमा येऊन विचारते, याने हविष्य चाटले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही, मग याला का मारलेत? भावांपाशी उत्तर नव्हते. तेव्हा तिने शाप दिला, की ज्याची कल्पना नाही असे भय तुमच्यावर येईल. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या आरंभी निरपराध कुत्र्याला हाकलल्याबद्दल जाब विचारला जातो, आणि अखेरीस कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला जातो. सरमेचा प्रश्न आजही जुना झालेला नाही. नुसते ‘कुत्रा’ हे कारण पुरेसे नाही. त्याने काय केले, हे पाहायला हवे.

या दोन गोष्टी जुळवल्या म्हणजे वाट सापडते, आणि ती जगाने थोडीफार चोखाळलेलीही आहे. आपल्या रेल्वेचेच घ्या. कुत्र्याला आपल्याजवळ बसवून न्यायचे, तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे किंवा केबिन घ्यावी लागते. नाहीतर त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातल्या पेटीत. सहप्रवाशाला बसवून घेऊन ‘काही करत नाही हो’ म्हणण्याची सोयच ठेवलेली नाही. जर्मनीत मोठ्या कुत्र्याला आगगाडीत माणसांबरोबर बसता येते. पण त्याचे तिकीट काढावे लागते, पट्टा लावावा लागतो आणि तोंडाला मुसके बांधावे लागते. शिवाय तिथले लोक नगरपालिकेला कुत्र्याचा कर भरतात, आणि २००८ पासून तो देश कुत्र्या-कोल्ह्यांच्या रेबीजपासून मुक्त मानला जातो. तिथे चावरा कुत्रा म्हणजे जखम. आपल्याकडे त्यापुढे मृत्यूची सावली उभी असते. तिथल्या हॉटेलातल्या कुत्र्याचे फोटो पाहून हळहळणाऱ्यांनी हा फरक विसरू नये.

आपल्याला हे जमणारच नाही असेही नाही. शेजारच्या गोव्यात गावोगाव फिरून कुत्र्यांना वर्षानुवर्षे लस टोचली गेली, आणि २०२१ साली गोवा हे देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. आधी लस, मग स्वागत, हा क्रम आहे. लस नसेल तर स्वागताची भाषाच नको. आणि कुठल्याही कुत्र्याचा दात लागलाच, तर घरगुती उपाय न करता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रोगाची लक्षणे दिसू लागली, की जवळजवळ उपाय उरत नाही. दिवाळीच्या अंकात हे वाचायला बरे वाटणार नाही. पण लिहून ठेवतो.

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, एसटी स्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणांहून भटकी कुत्री हलवण्याचा आदेश दिला. आदेश भटक्यांसाठी होता. पण तेव्हापासून पट्ट्यातल्या कुत्र्याकडेही लोक त्याच नजरेने पाहू लागले, असा आमचा फिरायला गेल्यावरचा अनुभव आहे. हा वाद मुंबईने १८३२ सालीच पाहिला होता. सरकारने बेवारशी कुत्री मारण्याचे फर्मान काढले, मारणाऱ्यांनी बक्षिसापायी पाळलेली कुत्रीही सोडली नाहीत, आणि जून महिन्यात पारशी मंडळी रस्त्यावर उतरून दंगल झाली. दोन बाजूंनी दोन टोके धरली, की तिसरे काही सुचत नाही.

मग आम्ही कुत्रेवाल्यांनी काय करावे? माझ्यापुरते मी ठरवले ते सांगतो. लहान मुले, आजारी माणसे आणि दाटी, ही तीन जिथे असतील तिथे मोत्याने जायचे नाही : शाळेचे आवार, दवाखाना, आठवड्याचा बाजार, देवळाचा सभामंडप. बाग, नदीकाठ, हॉटेलाची ओसरी इथे जायचे. पण पट्टा आखूड धरून, त्याने केलेली घाण कागदात उचलून, आणि आधी विचारून. ‘नको’ असे उत्तर आले, तर मोत्याबरोबर मीही बाहेर. आणि सोसायट्यांच्या चिटणीसांनाही एक विनंती. लिफ्टमधून कुत्र्याला सरसकट बंदी करता येत नाही, असे पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. बंदीचे फलक लावण्यापेक्षा पट्टा, लस आणि स्वच्छता यांचा फलक लावा. ज्याने हविष्य चाटले नाही, त्याला काठी दाखवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बहिणीला आजींबद्दल विचारले. मला वाटले, त्यांना कुत्र्यांचा राग असणार. बहीण हसली.

“त्यांना? अरे दादा, २०१९ च्या ऑगस्टात गोदावरी गावात शिरली ना, तेव्हा आम्ही सगळे त्यांच्याच गच्चीवर होतो. माणसं होती, दोन शेळ्या होत्या आणि गल्लीतली तीन कुत्री. कुणी तरी म्हणालं, कुत्री कशाला वर घेता? तर आजी म्हणाल्या, पाणी त्यांना सोडणार आहे का? रात्रभर त्यांनी आपल्या भाकरीतले तुकडे घातले त्यांना.”

मी काहीच बोललो नाही.

निघण्यापूर्वी मोत्याला पुन्हा नदीवर नेले. या वेळी अगदी कडेच्या पायरीवर बसलो, पट्टा दोनदा मनगटाला गुंडाळून. थोड्या वेळाने आजी पाणी न्यायला आल्या. नात वरच्याच पायरीवर थांबली. मी तिला म्हणालो, “बाळ, मी धरून ठेवलाय. सोडणार नाही.” तिने माझ्याकडे नाही, पट्ट्याकडे पाहिले. नीट पाहून घेतले. मग तिथूनच विचारले, “नाव काय त्याचं?”

“मोत्या.”

तिने मान डोलावली. खाली आली नाही. आणि आम्हीही वर गेलो नाही. आजींची घागर भरेपर्यंत आम्ही तिघे आपापल्या पायरीवर बसून राहिलो.