राखीव राउटर आणि हिरवा दिवा

एका वाचकांनीं विचारलें आहे कीं, "घरांत दोन इंटरनेट-जोडण्या घेतल्या, दोन राउटर बसविले, तरी एक जोडणी तुटली म्हणजे सारें घर बंद पडतें. मग दुसरीचा खर्च कशासाठीं करावा?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर मला स्वतःच्या चुकीमुळें शिकावें लागलें, म्हणून आधीं ती चूकच सांगतों.

येथें चिचगडला एका अभ्यासिकेंत संध्याकाळीं मी देखरेखीला बसतों. देवरीच्या रस्त्यानें आलेली ऑप्टिकल फायबरची तार ही तेथील एक वाट, व छपरावरील अँटेनाच्या द्वारें मोबाईल-टॉवरशीं असलेली जोडणी ही दुसरी. प्रत्येक वाटेला एकेक राउटर. गेल्या पावसाळ्यांत एका शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. शेजारच्या घरांतील एक मुलगी सगळीं कागदपत्रें संगणकांत घालून अर्ज भरीत होती. रात्रीं नऊच्या सुमारास पान पुढें सरकेना. मीं कपाट उघडून दोन्ही राउटर पाहिले. दोहोंचे दिवे हिरवे! "बाळ, यंत्रें ठीक आहेत. शेवटच्या दिवशीं तिकडे गर्दी असते. थोडा धीर धर," असें मी म्हणालों. तिनें बारा वाजेपर्यंत धीर धरला. बारा वाजले आणि मुदत संपली.

दुसऱ्या दिवशीं कळलें कीं, रस्त्याच्या कडेला खोदकामांत फायबर तुटली होती. टॉवरची वाट मात्र रात्रभर मोकळी होती. राखीव राउटर धडधाकट असून स्वस्थ बसून राहिला होता. असें कां झालें?

एकत्र कुटुंबाचें उदाहरण घेतलें तर हें चटकन ध्यानांत येतें. घरांत थोरले बंधु कर्ते असतात, धाकटे त्यांच्या मागें तयार असतात. बाहेरचें माणूस कर्त्याच्या नांवानें हांक मारतें. ओ कोणीं द्यावी, हें घरांतल्या घरांत ठरलेलें असतें. दोन राउटरांचेंही तसेंच. दोघांत मिळून एक सामाईक पत्ता असतो आणि संगणकांना तेवढाच ठाऊक असतो. या व्यवस्थेची व्हीआरआरपी नांवाची सर्वमान्य पद्धति १९९८ सालीं प्रसिद्ध झाली. सिस्को कंपनीची एचएसआरपी ही तिचीच थोरली बहीण. व्हीआरआरपींत मुख्य राउटर सामान्यतः दर सेकंदाला "मी आहें" असें पुकारतो. राखीव तें ऐकत असतो. साडेतीन सेकंदांहून थोडा अधिक काळ पुकारा आला नाहीं, तर तो स्वतः कर्तेपण घेतो. एचएसआरपींत पुकारा तीन सेकंदांनीं होतो व दहा सेकंद वाट पाहतात.

आतां दोष कोठें आहे तें पाहा. हा पुकारा घराच्या आंतल्या बाजूनें होत असतो. थोरले बंधु ओसरीवर बसून "मी आहें, मी आहें" म्हणत आहेत. परंतु बाजाराकडे जाणारा पूल वाहून गेला आहे, याची त्यांना वार्ताच नाहीं. धाकटे बंधु मर्यादशील. थोरल्यांचा आवाज येतो तोंवर ते उठावयाचे नाहींत! घरांत अन्नाचा दाणा येत नाहीं, तरी कर्ता जागेवर आहे.

न्यायशास्त्रांत अशा चुकीला सव्यभिचार हेतु म्हणतात. धुरावरून अग्नीचें अनुमान होतें, कारण अग्नीवांचून धूर नसतो. हिरव्या दिव्यावरून मात्र वाट मोकळी असल्याचें अनुमान होत नाहीं. कारण वाट बंद असतांही तो दिवा हिरवाच राहतो. यंत्रांत वीज खेळत आहे, एवढेंच तो सांगतो. तर्कसंग्रह मुखोद्गत असलेल्या माणसानें ही चूक करावी, याची मला आजही लाज वाटते.

पुण्यास नोकरीस असलेला माझा पुतण्या पुढें सुटींत आला, तेव्हां त्यानें हा दोष क्रमाक्रमानें शोधून दाखविला. त्यासाठीं त्यानें फायबरचें टोंक भिंतीवरील डबींतून काढून ती रात्र पुन्हां उभी केली. मग संगणकावरून सामाईक पत्त्याला हांक मारली, उत्तर आलें. नंतर घराबाहेरच्या एका दूरच्या पत्त्याला हांक मारली, उत्तर नाहीं. म्हणजे बिघाड घरांत नसून मुख्य राउटरच्या पलीकडे, हें सिद्ध झालें. मग दोन्ही राउटरांना त्यांची अवस्था विचारली. पहिला म्हणाला "मुख्य", दुसरा म्हणाला "राखीव". अदलाबदल झालीच नव्हती.

पहिल्या राउटरला बाहेरच्या वाटेवर लक्ष ठेवण्याची आज्ञा होती. पण तें लक्ष राउटरपासून भिंतीवरील डबीपर्यंतच्या हातभर तारेवरच होतें! ती तार शाबूत होती. तुटलें होतें तें कित्येक मैल पुढें. म्हणून पुतण्यानें आज्ञा बदलली. दूरच्या पत्त्याला वरचेवर हांक मारावी, आणि लागोपाठ कांहीं वेळां उत्तर न आल्यास स्वतःचा मान कमी करावा. पहिल्याचा मान ११० व दुसऱ्याचा १०० होता. बिघाडांत २० वजा केल्यास पहिल्याचे ९० उरतात व दुसरा वरचढ होतो. पांचच वजा केले असते तर १०५ उरून सगळी योजना व्यर्थ गेली असती. दुसऱ्याला जिवंत मुख्याकडून कर्तेपण घेण्याची अनुज्ञाही असावी लागते. व्हीआरआरपींत ती मूळचीच असते, एचएसआरपींत ती मुद्दाम द्यावी लागते.

याच्या उलट विकारही असतो. दोघांमधली आंतली तार सैल झाली तर राखीवाला पुकारा ऐकूं येत नाहीं, आणि दोघेही स्वतःला मुख्य समजूं लागतात. दोन कर्ते एकाच वेळीं हुकूम सोडूं लागल्यावर स्वयंपाकघरांत जो गोंधळ होतो तोच येथें होतो. घटकेंत चालतें, घटकेंत अडतें. तेव्हां दोन्ही राउटर "मुख्य" म्हणत असतील तर आधीं त्यांच्यामधली तार व स्विच तपासावा.

हें केवळ खेड्यांतच घडतें असें कोणीं समजूं नये. २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं मुंबईच्या राष्ट्रीय शेअरबाजाराचे व्यवहार सकाळीं ११ वाजून ४० मिनिटांनीं थांबले, ते दुपारीं ३ वाजून ४५ मिनिटांनीं पुन्हां सुरू झाले व त्या दिवसापुरते ५ वाजेपर्यंत चालले. बाजाराच्या मुख्य व जवळच्या राखीव केंद्रांमध्यें दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या तारा होत्या. तरीही त्या केंद्रांमधील रस्त्यावरच्या खोदकामामुळें दोन्ही कंपन्यांच्या तारा एकाच दिवशीं डळमळल्या, आणि पाठोपाठ मुख्य केंद्रांतील माहितीचा सांठा सर्व्हरांच्या आटोक्याबाहेर गेला, असें बाजारानें पुढें प्रसिद्ध केलें. चेन्नईला दूरचें राखीव केंद्र होतें, परंतु त्या दिवशीं कारभार तेथें हलविला गेला नाहीं. सेबीनें त्याच वर्षीं मार्चमध्यें नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बिघडल्यास तीस मिनिटांत आपत्ति जाहीर करावी, व त्यानंतर पंचेचाळीस मिनिटांत कारभार राखीव केंद्रावर चालता करावा. पुढें २ मार्च २०२४ रोजीं, शनिवारीं, मुद्दाम बाजार भरवून आधीं मुख्य केंद्रावर व नंतर राखीव केंद्रावर प्रत्यक्ष व्यवहार करून पाहिले.

या शेवटच्या गोष्टींतच वाचकांच्या प्रश्नाचें उत्तर आहे. राखीव वस्तु आहे एवढ्यानें भागत नाहीं. ती कामाला लावून पाहिली पाहिजे. दोन जोडण्या घेतांना त्या एकाच खांबावरून अगर एकाच चरांतून येत नाहींत ना, हें विचारावें. मग महिन्यांतून एकदां, कोणाचें काम अडणार नाहीं अशा वेळीं, तीन परीक्षा घ्याव्या. प्रथम मुख्य राउटरची वीज बंद करावी. ती पुन्हां सुरू करून कारभार ठिकाणावर आला म्हणजे, वीज तशीच ठेवून फक्त बाहेरची फायबर काढावी. बहुतेक घरें नापास होतात तीं या दुसऱ्या परीक्षेंत. शेवटीं सर्व पूर्ववत् जोडून मुख्य राउटर परत कर्तेपण घेतो कीं नाहीं तें पाहावें. वाट स्थिर झाल्यावर मिनिट-दोन मिनिटें थांबून त्यानें तें घ्यावें, अशी योजना ठेवावी; नाहीं तर डळमळत्या तारेबरोबर कर्तेपण सारखें इकडून तिकडे फिरत राहतें. प्रत्येक वेळीं किती सेकंद गेले तें वहींत लिहावें. दोन्ही राउटरांना इन्व्हर्टरची वीज आहे ना, हेंही त्याच वेळीं कळतें. ज्या घरीं वृद्धांची तपासणी दूरच्या डॉक्टरांकडून पडद्यावर होते, किंवा मुलगा घरून नोकरी करतो, त्यांनीं तर हा नेम चुकवूं नये.

आणि जेथें एवढी सोय नसेल तेथें, काम अडतांच, मुख्य राउटरची वीज काढून पाहावी. पुकारा थांबला कीं राखीव उठतो. त्या रात्रीं मीं तें एक बटन बंद केलें असतें तर चार सेकंदांत वाट मोकळी झाली असती. मीं मात्र दिव्याकडे पाहून परत खुर्चींत येऊन बसलों.

आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं सकाळीं अभ्यासिकेंत ही परीक्षा होते. फायबर काढण्याचें काम त्याच मुलीनें आपणहून मागून घेतलें आहे. ती तार काढते आणि मी घड्याळ पाहतों. मागल्या खेपेला पांच सेकंद लागले. यंदा ती पुन्हां अर्ज भरणार आहे, आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहावयाची नाहीं, हें आम्हां दोघांचेंही ठरलें आहे.