बाळाच्या वाटीत घरची नाचणी



कोकणात आणि घाटमाथ्यावर नाचणी घरची पिकते. ती विकून बाळासाठी बिस्किटांचा पुडा आणणे हा तोट्याचा व्यवहार आहे. 100 ग्रॅम नाचणीत हाडे-दात घडवणारे कॅल्शियम सुमारे 350 मिलिग्रॅम असते. तेवढ्याच तांदळात जेमतेम 10.

सहा महिने पुरे झाले की अंगावरच्या दुधाच्या जोडीला बाळाला मऊ अन्न लागते. साध्या पिठाची पेज लवकर घट्ट होते आणि पातळ केली तर पोटात नुसते पाणीच जाते. मोड आणलेल्या नाचणीची पेज तितकी दाटत नाही. त्यामुळे तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावते.

अर्धा किलो नाचणी निवडून तीन-चार पाण्यांनी धुवा, रात्रभर भिजवा. सकाळी उपसून स्वच्छ ओल्या फडक्यात बांधा. एक-दोन दिवसांत मोड येतील. आंबूस वास आला किंवा बुरशी दिसली तर टाकून द्या. चांगली असेल तर उन्हात खडखडीत वाळवा, मंद आचेवर किंचित भाजा आणि बारीक दळून आणा. दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवून, ढवळत शिजवा. वर थोडे तूप घाला.

एक गोष्ट मात्र घरात सर्वांना बजावून ठेवा. पेरणीतून उरलेले, औषध चोळलेले बियाणे खाण्यासाठी कदापि घेऊ नका. कितीही धुतले तरी त्यातल्या विषाची खात्री नाही. बियाण्याची पिशवी खाण्याच्या धान्यापासून दूर, मुलांचा हात पोचणार नाही अशीच ठेवा.