घरचं मैदान नसलेला संघ

भिलाईच्या सेक्टरमधली पोरं फुटबॉल खेळता खेळता मला विचारतात, "सर, सर्व्हिसेसचं होम ग्राउंड कुठलं?" कुठलंच नाही! पोलाद कारखान्याच्या या टाउनशिपमध्ये, जिथे निम्म्या घरांचं मूळ गाव दुसरीकडेच आहे, हे लगेच पटतं. २१ एप्रिल २०१९, लुधियाना, संतोष ट्रॉफीची फायनल. समोर यजमान पंजाब, गॅलरीही त्यांचीच. ६१व्या मिनिटाला बिकाश थापाचा गोल, मग जवळजवळ अर्धा तास तो राखायची झुंज. १-०. सहावं विजेतेपद. तरी काहीजण म्हणतात, 'यांना काय, सरकारी पगारावर खेळतात.' पगार तर रेल्वेवाल्यांनाही मिळतो. पण त्यानं परक्या गॅलरीचा आवाज कमी होत नाही. निवृत्त मंडळींनी निदान आपल्या शहरात सामना असेल तेव्हा तरी जाऊन बसावं.