सिंदूर चालतो, सैनिकाची बायको चालत नाही!

मे २०२५ मध्ये पाकिस्तानातील दहशतवादी अड्ड्यांवर हल्ले झाले आणि केंद्र सरकारने त्या मोहिमेला 'ऑपरेशन सिंदूर' असे नाव दिले. बाईच्या भांगातला सिंदूर राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा विषय झाला. त्यावर आम्हाला एवढेच विचारायचे आहे की, याच सरकारने जून २०२२ मध्ये जी 'अग्निपथ' योजना आणली, तिच्यात भरती होणारा पोरगा अविवाहित असलाच पाहिजे आणि सेवेच्या चार वर्षांत त्याने लग्न करता कामा नये, ही अट कशासाठी? मोहिमेच्या नावात सिंदूर, पण सैनिकाच्या घरी बायको नको, हा काय प्रकार आहे?

हा प्रश्न आम्ही सोनाळ्यावरून विचारतो आहोत. संग्रामपूर तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव. या पट्ट्यातली पोरे पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर धावतात. १६०० मीटर किती मिनिटांत काढायचे, छाती किती फुगली पाहिजे, हे त्यांना तोंडपाठ असते. आपल्या मागे घरच्यांना हक्काने काय मिळेल, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही आणि तेही विचारत नाहीत.

युद्धावरचा सैनिक आणि गावातली त्याची बायको यांचा संपर्क म्हटला की आज लोकांना व्हिडिओ कॉल आठवतो. पूर्वी '५६ एपीओ' पत्त्याचे पत्र आठवायचे. पण आंबेडकरी माणसाला हा संपर्क याहून खोल कळायला हवा, कारण आपला इतिहासच पलटणीतून आला आहे. रामजी सकपाळ शिपाई होते, तेव्हा त्यांना घरी पुरेसे पैसे पाठवता येत नसत. भीमाबाई ही सुभेदार मेजर मुरबाडकरांची लेक. पण माहेरी हात पसरण्याऐवजी तिने सांताक्रूझच्या रस्त्यावर खडी पसरण्याची मजुरी केली, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. सैनिकाच्या बायकोला नवऱ्याची खुशाली तर हवीच असते, पण चूल पेटवायला त्याची मनिऑर्डरही हवी असते. ती आली नाही की ती माउली खडी उचलते! पुढे रामजी लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले, सुभेदार झाले. निवृत्तीनंतर पेन्शनचा आधार आला आणि त्या घरात पोरांच्या हाती पुस्तके राहिली. पलटणीतली नोकरी, शाळा आणि पेन्शन हे सगळे एकत्र आले, तेव्हा आपला समाज वर सरकला.

पत्राचेही तसेच. १९१४ च्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे बुलोन येथील सेन्सॉर कचेरीत वाचली जात. डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने १९९९ मध्ये त्यांतील निवडक पत्रे पुस्तकरूपाने छापली. पुष्कळ शिपायांना लिहिता येत नव्हते. नवरा बोलणार, दुसरा लिहिणार, तिसरा तपासणार आणि गावात चौथा बायकोला वाचून दाखवणार! यात मनातले सांगायचे कसे? म्हणून शिपाई हिंदी सैनिकाला 'काळी मिरी' आणि गोऱ्याला 'लाल मिरची' लिहीत. ज्या घरची बाई स्वतः पत्र वाचू शकत होती, तिची गोष्टच निराळी. कंपनीच्या फौजेत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, हे बाबासाहेबांनी आवर्जून लिहिले, ते उगाच नाही.

आणि हीच वाट आपल्यासाठी पुन्हा पुन्हा बंद केली गेली. १८९२ मध्ये महारांची भरती थांबली. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी केली आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडून टाकली. काम होते तोवर शिपाई, काम सरले की घरी! महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडावे लागले. अग्निपथ योजनेने चार वर्षांनंतर चारपैकी तिघांना घरी पाठवायचे ठरवले, तेव्हा आम्हाला १९२१ आठवले, यात नवल काय?

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. पिंपळगाव सराईचा अक्षय गवते हा अग्निवीर ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला कर्तव्यावर असताना गेला. विमा ४८ लाख, सानुग्रह ४४ लाख, उरलेल्या सेवाकाळाचा पगार, सेवा निधी अशी मदत लष्कराने जाहीर केली. रक्कम लहान नाही, हे आम्ही मान्य करतो. पण कुटुंबाला दरमहा पेन्शन नाही. नियमित सैनिक अविवाहित असला तरी त्याच्या मागे आईबापांना पेन्शनचा हक्क असतो. अग्निवीराच्या आईबापांना तो नाही. मे २०२५ मध्ये ताबारेषेवर अग्निवीर मुरली नाईक गेला. त्याच्या आईने याच भेदभावाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ज्याच्या मागे विधवाच राहणार नाही, अशा सैनिकाचा हिशेब सरकारला एकरकमी मिटवता येतो. लग्नबंदीच्या अटीमागे हा हिशेब नाही, असे सरकारने एकदा शपथेवर सांगावे!

कोणी म्हणेल, लष्कराला शिस्त लागते. लागतेच. संविधानाचे कलम ३३ सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला देते. जुलै २०२० मध्ये लष्कराने ८९ ॲप फोनमधून काढायला लावले. एक लेफ्टनंट कर्नल दिल्ली उच्च न्यायालयात गेले, कुटुंबाशी संपर्क तुटतो असे म्हणाले, पण याचिका फेटाळली गेली. शत्रूला ठिकाण कळू नये म्हणून फोन बंद ठेवणे आम्ही समजू शकतो. पण नातेच बंद ठेवण्यात कोणती सुरक्षा आहे?

न्यायालयाची वाट सोपी नाही, हेही सांगितले पाहिजे. १९८१ च्या नर्गेश मिर्झा खटल्यात हवाई सुंदरींवरील पहिल्या चार वर्षांची लग्नबंदी सर्वोच्च न्यायालयाने वैध धरली होती. अग्निपथ योजना तर दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये उचलून धरली आणि एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप नाकारला. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने, लग्न केले म्हणून लष्करी परिचारिका सेवेतून काढलेल्या अधिकारी महिलेला ६० लाख रुपये द्यायला लावले आणि असा नियम लिंगभेदी व घटनाबाह्य ठरवला. दार किलकिले आहे.

आता सोनाळ्याच्या पोरांसाठी. अग्निवीराला वर्षाला ३० दिवस रजा, नियमित जवानाला साधारण ९० दिवस. पहिल्या वर्षी महिना ३० हजारांपैकी २१ हजार हातात येतात आणि ९ हजार सेवा निधीत कापले जातात. बाहेर पडल्यावर माजी सैनिकाचा दर्जा नाही. हे भरतीआधी घरात बसून आईबापांना वाचून दाखवा. वारसाचा अर्ज भरताना घाई करू नका, त्याची प्रत घरी ठेवा. आणि सोयरीक जमलेली असेल, तर चार वर्षांची अट मुलीलाही लग्नाआधी स्पष्ट सांगा, वाट तिला पाहायची आहे. २०२२ च्या अखेरीस दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. त्यांतले आपल्या वस्त्यांमधले किती परत येतात आणि कोणत्या कागदांसह येतात, याची नोंद गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ठेवावी. उद्या न्यायालयात तीच कामी येईल.