ठोका जुळला, पण सम कुठाय?

डीजे म्हटलं की मराठी घरात आधी कानांवर हात जातात. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती, थरथरणाऱ्या खिडक्या आणि आजोबांची वाढलेली धडधड, एवढीच त्याची ओळख! त्यामुळे घरातला मुलगा ‘मला डीजेगिरी शिकायचीय’ म्हणाला की आई-बाबांचा प्रश्न ठरलेला: ‘त्यात शिकायचं काय? बटणंच तर दाबायची!’

बटणं दाबायची असतात, हे खरं. पण कुठलं बटण कुठल्या मात्रेवर दाबायचं, इथे भल्याभल्यांची विकेट पडते.

डीजेचं मूळ काम सांगायला सोपं. एक गाणं संपत आलं की दुसरं त्यात असं मिसळायचं, की नाचणाऱ्याचा पाय अडखळता कामा नये. १९७०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका क्लबमध्ये फ्रान्सिस ग्रासो नावाच्या तरुणाने दोन तबकड्यांचे ठोके कानाने जुळवून दाखवले आणि ही कला नावारूपाला आली. पुढे तबकडीचा वेग बारीक कमी-जास्त करणारी पट्टी असलेली टेक्निक्स कंपनीची टर्नटेबल आली, मग सीडीची यंत्रं, मग कॉम्प्युटर. आता ‘सिंक’ नावाचं बटण आहे. ते दाबलं की यंत्र स्वतःच दोन गाण्यांचा वेग सारखा करतं.

हाऊस किंवा टेक्नो असेल तर प्रश्नच मिटला. दर चार मात्रांचा एक घर, मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके, आठ किंवा सोळा घरांनंतर नवं वळण. दोन सारख्या मापाच्या विटा, एकीवर दुसरी ठेवा!

पंचाईत होते ती विटेचं माप बदललं की. ‘ड्रम अँड बेस’मध्ये वेग १७०च्या आसपास आणि ठोके मुद्दाम तोडून विखुरलेले. ब्रिटनमधल्या ऑटेकर या जोडीने तर कमालच केली. १९९४ साली तिथे रात्रभर चालणाऱ्या मैदानी नाचगाण्यांना आवर घालणारा कायदा झाला. ‘एकसारखे पुन्हा पुन्हा येणारे ठोके’ ही त्यातली संगीताची खूण! ऑटेकरने त्याच वर्षी ‘फ्लटर’ ही रचना काढली. तिच्यातल्या कुठल्याही दोन घरांचे ठोके सारखे नाहीत. कायद्याला हा खट्याळ टोला होता खरा, पण अशी रचना दुसऱ्या गाण्यात मिसळायची तर डीजेने पकडायचं काय?

इतकं लांब जायलाही नको. आपल्या हळदीच्या मांडवातच ही परीक्षा असते. बरीचशी कोळीगीतं सहा मात्रांच्या झोक्यात चालतात, दादऱ्यासारखी. लागोपाठ येणारं सिनेमातलं गाणं असतं आठ मात्रांच्या केरव्यात. सिंकचं बटण मोठे ठोके जुळवून देतं. पण दोन ठोक्यांच्या मधे एक गाणं तीन पावलं टाकतं, दुसरं चार. एका होडीत दोन नावाडी, दोघांची वल्ही वेगळ्या तालात! पाच-सात सेकंदांतच नाचणारे एकमेकांकडे बघू लागतात.

मात्रा सारख्या लांबीच्या ठेवल्या तर कोडं निराळं. सहाचं आणि आठचं आवर्तन एकत्र सुरू केलं, तर दोघांची सम पुन्हा भेटते थेट चोविसाव्या मात्रेनंतर. सात आणि आठ असतील तर छप्पन्न मात्रांनंतर. मिनिटाला १२० मात्रांच्या वेगाने ते झाले २८ सेकंद. शाळेतला लसावि असा मांडवात भेटतो!

यंत्राला ठोका कळतो, पण आवर्तन कुठे सुरू झालं हे ते बहुतेक वेळा ‘चारच मात्रा असणार’ असं धरून चालतं. सम ओळखावी लागते ती कानाने.

या कानाची तयारी कशी होते, ते म्हैसूरच्या सरस्वतीपुरमसारख्या वस्तीत पाहावं. कुक्करहळ्ळी तलाव आणि मानसगंगोत्रीचा विद्यापीठ परिसर यांच्या शेजारची ही वस्ती. म्हैसूर हे वीणा शेषण्णांचं गाव, कर्नाटक संगीताचं माहेरघर. या संगीतात मुलाच्या हाती वाद्य येण्याआधी ताल येतो. आदितालाच्या आठ मात्रा तळहातावर मोजायच्या: एक टाळी, तीन बोटं, मग टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा. तोंडाने ‘तकिट’ म्हणजे तीन, ‘तकधिमि’ म्हणजे चार, दोन्ही जोडले की सात. हाताला आठ आणि तोंडाला सात ठेवून समेवर येणं हा तिथे रोजचा रियाज असतो. असा कान लाभलेल्या मुलाने उद्या हेडफोन लावला, तर सात मात्रांच्या गाण्याला तो घाबरेल कशाला? आपल्याकडे तबल्याच्या क्लासला जाणारी मुलंही तिहाई घेऊन समेवर येतात, तेव्हा हाच हिशेब करत असतात.

म्हणूनच या क्षेत्रात आपली माणसं चमकली. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझरवर दहा राग वाजवले, पण ठेका ठेवला डिस्कोचा. त्या काळी फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०१०मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि जगभर गाजली. राग दहा असले तरी चाल मात्र चाराचीच होती. पुढचं पाऊल टाकलं तबलजींनी. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या कर्ष काळे या मराठी कलावंताने तबला आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकत्र आणून २००१मध्ये ‘रिअलाइझ’ हा अल्बम काढला. त्याआधी २०००मध्ये ‘तबला बीट सायन्स’च्या अल्बममध्ये झाकिर हुसेन, तलविन सिंग आणि कर्षबरोबर त्रिलोक गुर्टूही होते. बेळगावात जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे हे चिरंजीव.

मग मांडवातल्या डीजेने करायचं काय? वाटा तीन. पहिली, दोन्ही गाणी एकमेकांवर घालायचीच नाहीत. पहिलं समेवर सोडायचं आणि त्याच क्षणी दुसरं उचलायचं. दुसरी, जिथे नुसता आवाज किंवा सनई आहे, ताल थांबलाय, अशी जागा शोधून तिथून वळायचं. तिसरी वाट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट: कोळीगीतावर चाराचा ‘धम् धम्’ चढवून मोकळं व्हायचं. शब्द तेच राहतात, चालही ओळखू येते, पण लाटेवरच्या होडीचा झोका जातो. तो एकदा गेला आणि पुढच्या पिढीने सपाट गाणंच अस्सल समजून ऐकलं, तर परत कुठून आणणार?

तेव्हा घरात कुणी डीजे व्हायचं म्हणत असेल, तर महागडं यंत्र घेण्याआधी एक खेळ खेळून पाहा. आईने टाळीवर चार मोजायचे, मुलाने सात, पहिली टाळी दोघांनी एकत्र द्यायची. वेग कुणी बदलायचा नाही. अठ्ठावीस मात्रा झाल्या की दोघांचा ‘एक’ पुन्हा एकत्र यायला हवा. आला तर पोराच्या कानात दम आहे. नाही आला, तर यंत्राचे पैसे सध्या तबल्याच्या क्लासला भरा!